ज्वालामुखीच्या अंगणातला हिशेब

८ सप्टेंबर १९७७ रोजी आइसलँडच्या ईशान्य भागातील ब्यार्नारफ्लाग या ठिकाणी एक विलक्षण घटना घडली. वाफ मिळविण्यासाठी खोदलेल्या एका विंधन विहिरीतून वाफेऐवजी ज्वालामुखीच बाहेर पडला. विहिरीची खोली १,१३८ मीटर. जमिनीखालच्या भेगेतून सरकत आलेल्या शिलारसाला या विहिरीची आयती वाट सापडली आणि थोड्याच वेळात सुमारे तीन टन तप्त खंगर आकाशात उडाले. सुदैवाने प्रकरण तेवढ्यावरच निभावले. माणसाने स्वतःच्या हातांनी खोदलेल्या छिद्रातून ज्वालामुखीचा उद्रेक होण्याचे हे उदाहरण भूशास्त्राच्या ग्रंथांतून आजही आवर्जून सांगितले जाते.

ही घटना चमत्कार म्हणून सांगून सोडून देण्यासारखी नाही. पृथ्वीच्या पोटातील उष्णता ही अक्षय, स्वच्छ आणि स्वदेशी ऊर्जा आहे, असे अलीकडे वारंवार लिहिले-बोलले जाते. ते खोटे नाही. कोळशाची गाडी नको, तेलाचे जहाज नको, सूर्य मावळला वा वारा पडला तरी खंड नाही. परंतु ही उष्णता जिथे पृष्ठभागाच्या अगदी जवळ येते, ती भूमी बहुतेक वेळा ज्वालामुखीची आणि भूकंपाची असते. ज्या कारणाने तिथे वाफ आहे, त्याच कारणाने तिथे धोकाही आहे. अशा भूमीत ‘किती मेगावॅट मिळतील’ या प्रश्नाचे उत्तर कसे काढायचे आणि ते कोणाच्या शब्दावर मान्य करायचे, हा खरा प्रश्न आहे. आइसलँडने या प्रश्नाची किंमत मोजली आहे. म्हणूनच त्याचा अनुभव बारकाईने पाहण्याजोगा आहे.

चार लाखांहूनही कमी लोकवस्तीचा हा देश. १९७३ च्या तेलसंकटाने तो हादरला. घरे उबदार ठेवण्यासाठी तेल परदेशातून येत होते आणि त्याचे भाव एकाएकी आकाशाला भिडले होते. अशा वेळी राज्यकर्त्यांची दृष्टी स्वतःच्या भूमीकडे वळली, हे स्वाभाविकच होते. १९७४ मध्ये आइसलँडच्या संसदेने क्राफ्ला या ज्वालामुखीच्या परिसरात ५५ मेगावॅटपर्यंतचे विद्युत केंद्र उभारण्यास कायद्याने अनुमती दिली. त्याच वर्षी दोन शोध-विहिरी खोदल्या गेल्या. तापमान उत्तम लागले. मग घाई झाली. पुरेशा उत्पादक विहिरी हाती येण्यापूर्वीच प्रत्येकी ३० मेगावॅटची दोन टर्बाइने जपानमधून मागविण्यात आली.

क्राफ्ला जागृत आहे हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १७२४ ते १७२९ या काळात याच परिसरात दीर्घ उद्रेक झाले होते आणि ‘मीवात्नचे अग्निकांड’ या नावाने ते लोकांच्या स्मरणात होते. परंतु अडीचशे वर्षे शांत असलेला शेजारी माणसाला निरुपद्रवी वाटू लागतो. २० डिसेंबर १९७५ रोजी, केंद्राचे बांधकाम चालू असतानाच, अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर जमीन दुभंगली. पुढची नऊ वर्षे, १९८४ पर्यंत, उद्रेकांची मालिका चालू राहिली. एकूण नऊ वेळा लाव्हा बाहेर आला. याखेरीज अनेकदा शिलारस वर न येता जमिनीखालच्या भेगांतून दूरवर पसरत गेला. दरवेळी भूमी आधी हळूहळू फुगे, मग भूकंपाच्या कंपनांसह खचे, आणि पुन्हा फुगू लागे.

लाव्हा केंद्रापर्यंत पोहोचला नाही. परंतु त्याचे वायू विहिरींत पोहोचले. आम्लधर्मी वायूंनी लोखंडी नळ्या खाऊन टाकल्या, क्षारांच्या थरांनी विहिरी तुंबल्या. १९७८ च्या प्रारंभी वीज मिळू लागली ती सुमारे ७ मेगावॅट. ६० मेगावॅटची यंत्रे, आणि वाफ जेमतेम एका यंत्राच्या चतुर्थांशाला पुरेल एवढी! दुसरे टर्बाइन खोक्यांतच पडून राहिले. ते बसविले गेले १९९७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी.

देशात टीकेची झोड उठली, ते योग्यच होते. मात्र चूक नेमकी कोणती, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. ज्वालामुखीच्या अंगणात केंद्र उभारले ही चूक नव्हती; तिथे नाही तर वाफ मिळणार तरी कोठे? दोन विहिरींच्या पुराव्यावर ६० मेगावॅटची यंत्रे मागविली, ही चूक होती. आणि तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी की, फजिती झाल्यावर त्या देशाने प्रकल्प मोडीत काढला नाही. वायूंनी बिघडलेला भाग टाळून नव्या जागी विहिरी खोदल्या, प्रत्येक विहिरीची नोंद ठेवली, भूमी निवळण्याची वाट पाहिली. नव्वदच्या दशकात वायूंचे प्रमाण ओसरले आणि केंद्र पूर्ण क्षमतेला पोहोचले. राजकीय पक्ष आले-गेले, नोंदवह्या मात्र चालू राहिल्या.

अशा भूमीची क्षमता मोजतात तरी कशी? वाटते तितके हे गूढ नाही. पहिली पायरी म्हणजे झऱ्यांच्या पाण्याचे रासायनिक परीक्षण. खोल खडकांशी संपर्कात असताना पाण्यात सिलिका, सोडियम, पोटॅशियम किती विरघळेल हे तापमानावर अवलंबून असते. त्यामुळे वर आलेल्या पाण्यावरून तळाच्या उष्णतेचा अदमास बांधता येतो. दुसरी पायरी भूमीच्या विद्युतरोधाचे मापन. गरम पाण्याने खडक कुजून त्याची माती झाली की त्या थरातून वीज सहज वाहते, आणि हा थर उष्ण साठ्यावर झाकणासारखा बसलेला असतो. तिसरी पायरी भूकंपमापनाची. इथे भूकंप हा केवळ शत्रू राहत नाही, तो साक्षीदारही होतो. दुय्यम भूकंपलहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. क्राफ्लाच्या उद्रेककाळात पाउल आइनारसन या शास्त्रज्ञाने या लहरी कोठे अडतात हे तपासून ज्वालामुखीखाली सुमारे तीन किलोमीटरच्या पलीकडे शिलारसाचा साठा असल्याचे १९७८ मध्ये दाखवून दिले.

या सर्व साधनांना एक मर्यादा आहे आणि ती सरकारी अहवालांच्या पहिल्या पानावर क्वचितच आढळते. कुजलेला खडक आपली जुनी उष्णता विसरत नाही. भूमी थंड होऊन हजारो वर्षे लोटली तरी त्याचा विद्युतरोध तसाच राहतो. यंत्राला वाटते खाली आग आहे, प्रत्यक्षात चूल केव्हाच विझलेली असते. आणि अखेरचा मेगावॅटचा आकडा काढला जातो तो तर निव्वळ गुणाकाराने: खडकाचे आकारमान, त्याचे तापमान, आणि त्यातील किती टक्के उष्णता वर आणता येईल याचा अंदाज. हा शेवटचा घटक दहा टक्क्यांऐवजी पाच टक्के धरला की उत्तर निम्म्यावर येते. असा आकडा नियोजनाचा प्रारंभ म्हणून ठीक. तोच यशाचा दाखला म्हणून मिरविणे ही फसवणूक आहे, मग ती स्वतःचीच का असेना.

क्राफ्लानेच याचा आणखी एक धडा दिला. २००९ मध्ये तिथे साडेचार किलोमीटर खोलीची एक संशोधन-विहीर खोदण्याचा संकल्प सोडण्यात आला. तोपर्यंत या क्षेत्राचा अभ्यास पस्तीस वर्षे चालू होता. जगातील सर्वाधिक तपासलेल्या ज्वालामुखींत त्याची गणना होत होती. तरीही २.१ किलोमीटरवर, जिथे कोणालाही अपेक्षा नव्हती, तिथे खोदाईचे पाते साक्षात शिलारसात शिरले. वर आले ते काचेचे तुकडे. विहीर बंद करण्याऐवजी शास्त्रज्ञांनी तिची चाचणी घेतली, तेव्हा तिच्या मुखाशी ४५० अंश सेल्सिअसची वाफ मिळाली. एकट्या विहिरीतून ३० मेगावॅटहून अधिक वीज निघू शकेल असा हिशेब मांडला गेला. २०१२ मध्ये मुख्य झडप निकामी झाली आणि ती विहीर थंड पाणी ओतून शांत करावी लागली. अपयशाची ही गोष्ट लपविली गेली नाही. तिच्या आधारेच शिलारसाचा थेट अभ्यास करण्याची नवी योजना क्राफ्लात आखली गेली.

उष्णता सापडली म्हणजे काम संपले असेही नव्हे. रेक्याविक या राजधानीजवळचे हेल्लिसहेदी केंद्र ३०३ मेगावॅटचे. २००६ पासून पाच-सहा वर्षांत टप्प्यामागून टप्पा उभारला गेला, आणि भूमीने आपला प्रतिसाद देण्याआधीच पुढची यंत्रे बसत गेली. परिणामी साठ्यावरील दाब उतरला, उत्पादन घटू लागले आणि शेजारच्या क्षेत्रातील वाफ नळाने आणून तूट भरून काढावी लागली. वापरलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडणे पर्यावरणाच्या दृष्टीने आवश्यक; पण २०११ मध्ये तेच पाणी नव्या विहिरींत सोडू लागताच भूकंपांची माळ लागली आणि त्यातील मोठे धक्के ४ रिश्टरच्या आसपास गेले. जवळच्या गावातील लोकांची झोप उडाली. दक्षिण कोरियातील पोहांग येथे तर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे साडेपाच क्षमतेचा भूकंप झाला, अनेक जण जखमी झाले, आणि त्यामागे भूऔष्णिक प्रकल्पासाठी जमिनीत दाबाने सोडलेले पाणी होते, असा निष्कर्ष तेथील सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये काढला. आधीपासून ताणाखाली असलेल्या भूमीत पाणी सोडताना किती दाबाने सोडावे आणि केव्हा थांबावे, हे क्षमतेच्या मोजणीतच यायला हवे. ते पर्यावरण-अहवालाच्या परिशिष्टात ढकलून चालत नाही.

अलीकडच्या काळातील ग्रिंडाविकची हकीकत वाचकांच्या स्मरणात असेल. रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे आठशे वर्षांच्या विश्रांतीनंतर २०२१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला. १० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्रिंडाविक या मच्छीमारांच्या गावाखालून शिलारस सरकला आणि साडेतीन हजारांहून अधिक रहिवाशांना एका रात्रीत घरे सोडावी लागली. डिसेंबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात तिथे नऊ उद्रेक झाले. या गावाच्या शेजारीच स्वार्त्सेंगी हे भूऔष्णिक केंद्र आहे. सत्तरच्या दशकापासून ते वीज आणि घरे तापविण्याचे गरम पाणी पुरवीत आले आहे. केंद्राभोवती मातीचे प्रचंड बांध घालून लाव्हा वळविण्यात आला, कर्मचाऱ्यांना हलवून केंद्र दुरून चालविण्यात आले. तरीही ८ फेब्रुवारी २०२४ रोजी लाव्हाने मुख्य जलवाहिनी तोडलीच, आणि ऐन हिवाळ्यात वीस हजारांहून अधिक लोकांची घरे गारठली. याच केंद्राच्या विहिरींतील दाबाचे चढउतार पुढे उद्रेकाची पूर्वसूचना म्हणून पाहिले जाऊ लागले. ऊर्जेसाठी खोदलेली विहीर गावाची राखणदार झाली.

एवढे सोसूनही आइसलँड या ऊर्जेपासून मागे हटलेला नाही. त्या देशातील दहापैकी नऊ घरे भूगर्भातील गरम पाण्याने उबदार राहतात. हे साध्य झाले त्यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली, क्रम. राजधानीत गरम पाण्याने इमारती तापविण्यास १९३० मध्येच प्रारंभ झाला. पहिले भूऔष्णिक विद्युत केंद्र आले ते १९६९ मध्ये, तेही ३ मेगावॅटचे, ब्यार्नारफ्लाग येथे. आधी ऊब, मग वीज. ऐंशी अंशांचे पाणी टर्बाइनला अपुरे असते, पण घराला, शाळेला, रुग्णालयाला पुरून उरते. दुसरी गोष्ट, जोखमीची वाटणी. विहीर खोदण्यासाठी तेथील राष्ट्रीय ऊर्जा निधीतून कर्ज दिले जाई. विहीर कोरडी निघाली तर ते माफ होई. भूगर्भाची अनिश्चितता एखाद्या नगरपालिकेच्या वा शेतकऱ्याच्या माथी न मारता साऱ्या राष्ट्राने ती वाटून घेतली. बाजार ही जोखीम आपण होऊन घेत नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. भूगर्भ सर्वेक्षण खात्याने देशभरात ३८१ उष्ण झऱ्यांची व तत्सम स्थळांची नोंद केली आहे आणि देशाची भूऔष्णिक क्षमता सुमारे १०,६०० मेगावॅट असल्याचे सांगितले जाते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरणही घोषित केले. धोरण आले, याचे स्वागतच केले पाहिजे. पन्नास वर्षे हा विषय परिसंवादांतच घुटमळत होता. परंतु १०,६०० हा आकडा वर वर्णन केलेल्या गुणाकाराच्या जातीचा आहे, याचा विसर पडता कामा नये. आजपर्यंत भारतात व्यावसायिक स्वरूपाचे एकही भूऔष्णिक विद्युत केंद्र उभे राहिलेले नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे साहजिकच आपला सह्याद्री आठवेल. तोही लाव्हाचाच, आणि कोकणात तुरळ, राजवाडी, उन्हवरे, वज्रेश्वरी येथे उन्हाळी आहेतच. मात्र सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची स्वतःची उष्णता कधीच निवून गेली. कोकणातील उन्हाळ्यांचे पाणी भेगांतून खोल उतरून तापते आणि वर येते. त्यावर शेतमाल वाळविता येईल, आरोग्यस्थाने चालविता येतील. क्राफ्लाची स्वप्ने कोणी दाखवू नयेत. एक गोष्ट मात्र अभिमानाने नमूद केली पाहिजे. १९६७ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या कोयनेच्या परिसरात, गोठणे येथे, भूकंपांच्या अभ्यासासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोलीची विहीर खोदून २०१७ मध्ये पूर्ण केली. सव्वा किलोमीटर जाडीचा काळा पत्थर भेदून ती खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरली. भूकंपप्रवण भूमीत खोल आणि धीराने खोदण्याची विद्या आपल्याकडे नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही.

ती विद्या लावायची ती लडाखमधील पुगा खोऱ्यात. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवरचे हे खोरे ज्वालामुखीचे नव्हे. परंतु भारतीय आणि आशियाई भूखंडांच्या टकरीच्या सांध्यावर ते वसलेले असल्याने उष्णता आणि भूकंप दोन्ही तिथे आहेत. सत्तरच्या दशकात तिथे चौतीस विहिरी खोदल्या गेल्या. सर्वांत खोल विहीर चारशे मीटरही भरली नाही. क्राफ्लात दोन विहिरींवर साठ मेगावॅटची यंत्रे मागविली गेली; आपण चौतीस विहिरी खोदून जवळजवळ अर्धशतक स्वस्थ बसलो. उतावीळपणा हा दोष खरा, पण आपला आजार उलटा होता. अखेर २०२१ च्या फेब्रुवारीत ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची स्वायत्त पर्वतीय परिषद यांच्यात करार झाला, आइसलँडमधील तज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले आणि पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट ठरले ते १ मेगावॅटचे. एवढे लहान उद्दिष्ट ठेवले म्हणून कोणी हसू नये. शहाणपण त्यातच आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खोदाईच्या वेळी उच्च दाबाची वाफ आणि गरम द्रव उसळून वर आले, ते पुगा नाल्यात वाहिले, आणि काम थांबवावे लागले.

या प्रसंगावरून पुगाचा प्रकल्प गुंडाळण्याची भाषा करणे भ्याडपणाचे ठरेल. दोनशे किलोमीटरवरून, बर्फाच्छादित खिंडी ओलांडून डिझेल आणि केरोसिन वाहून न्यायचे, त्यावर बुखाऱ्या पेटवून जवानांनी सीमा राखायची आणि गावकऱ्यांनी हिवाळा काढायचा, ही स्थिती ज्या प्रदेशात आहे तिथे पायाखालची ऊब वापरणे हा राष्ट्ररक्षणाचाही विषय आहे. मात्र तिथे प्रथम मागणी असावी ती उबेची: वसतिगृहे, रुग्णालये, चौक्या, हरितगृहे. मणिकरणच्या गुरुद्वाऱ्यात लंगरचा भात कुंडातील पाण्यावर शिजतो, त्याला कोणाच्या मेगावॅटची प्रतीक्षा करावी लागली नाही. विजेचे पुढचे टप्पे प्रत्येक विहिरीने वर्ष-दोन वर्षे दिलेल्या उत्तरावर ठरावेत. कोरड्या विहिरीचा खर्च केंद्राने सोसावा. खोऱ्यात भूकंपमापकांचे दाट जाळे खोदाईच्या आधी बसावे, नंतर नव्हे. कारण पूर्वी धरती किती थरथरत होती हे ठाऊक नसेल तर पुढे दोष कोणाचा हे कधीच ठरणार नाही.

आणि तूर्त एक साधे काम शिल्लक आहे. त्या ऑगस्टमध्ये विहिरीतून किती तापमानाचे, किती दाबाचे द्रव किती काळ बाहेर आले, त्यात बोरॉन, गंधक आणि आर्सेनिक किती होते, नाल्याच्या पाण्यावर आणि त्याकाठच्या कुरणांवर काय परिणाम झाला, या साऱ्या नोंदी पूर्णपणे प्रसिद्ध व्हाव्यात. इंग्रजी अहवालाबरोबर त्या लडाखीतही असाव्यात, आणि चांगथांगच्या ज्या मेंढपाळांची जनावरे त्या नाल्यावर पाणी पितात त्यांच्यासमोर वाचल्या जाव्यात. पुढील विहिरीची जागा त्यानंतर ठरावी.